वर न केलेला हात

मुलांनो, आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. ‘बाई आमच्या चुका सांगतात, स्वतःच्या कधी सांगत नाहीत,’ असं माझ्या वर्गातली मुलं म्हणतात. म्हटलं, आपणच सांगून टाकावी.

मी पुण्यात विश्रांतवाडीला प्राथमिक शाळेत शिकवते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात येते ना, ती आमच्याच रस्त्यानं. या रस्त्यापासून थोडं खाली उतरलं की मुळा नदी लागते. एरवी ती इतकी गप्प असते, की नदी जवळ आहे हे आम्ही विसरूनच जातो. पण २५ जुलै २०२४ ला तिनं आठवण करून दिली. रात्रभर पाऊस कोसळत होता, धरणांतूनही पाणी सोडलेलं. पुण्यात नदीकाठच्या कितीतरी वस्त्यांत पाणी शिरलं. लोक पोरं कडेवर घेऊन, जमेल ते गाठोडं डोक्यावर घेऊन बाहेर पडले.

शाळा पुन्हा भरली तेव्हा मुख्याध्यापिकांनी सांगितलं, “ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्या मुलांची यादी करा. वह्या-पुस्तकं द्यायची आहेत.” मी चौथीच्या वर्गात गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “कुणाकुणाच्या घरात पुराचं पाणी आलं होतं? हात वर करा बरं!”

सात हात वर आले. बाकीचा वर्ग माना वळवून त्या सातजणांकडे बघू लागला. मी सात नावं लिहिली आणि वही मिटली. झालं काम!

आठ दिवसांनी मी गणिताच्या वह्या तपासत होते. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाची वही हातात आली. (त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही.) वही फुगून दुप्पट जाड झाली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, कडा चुलीवर शेकल्यासारख्या तपकिरी. वास घेतला, तर ओल्या गाळाचा. हा मुलगा तर म्हणाला होता, “आमच्याकडं पाणी आलंच नाही बाई.”

मधल्या सुट्टीत त्याला हळूच बोलावलं. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत उभा राहिला. मग म्हणाला, “बाई, हात वर केला असता तर सगळे मला पूरग्रस्त म्हणाले असते.”

माझ्या पोटात खड्डाच पडला. कारण तसाच एक हात मीही एकदा खाली ठेवला होता.

आमचं मूळ गाव किल्लारीच्या भागातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला थोडा वेळ कमी असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. दमून भागून सगळे गाढ झोपलेले. तिकडची जुनी घरं दगड-मातीची. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, दगडांमध्ये सिमेंट नाही, नुसता चिखल. वर लाकडं टाकून जाड मातीचं माळवद. उन्हाळ्यात आत कसं गार वाटायचं! पण जमीन हलली तशी भिंती सुटल्या आणि तेच जड माळवद माणसांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. माझे आजोबा त्यांतलेच एक.

मी तेव्हा तीन वर्षांची होते. मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते आजीनं सांगितलेलं. पुढं वडील कामासाठी पुण्याला आले, गवंड्याच्या हाताखाली लागले आणि आम्ही विश्रांतवाडीला भाड्याच्या खोलीत राहू लागलो. आजी मात्र गावीच राहिली. दिवाळी झाली की थंडीपुरती ती आमच्याकडं यायची.

मी पाचवीत होते. २६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये भूजला भूकंप झाला. आमच्या वर्गात मदतीसाठी डबा फिरवायचं ठरलं. बाईंनी विचारलं, “आपल्या वर्गात किल्लारीच्या भागातलं कुणी आहे का? भूकंप म्हणजे काय ते त्यांना चांगलं सांगता येईल.” बाईंचा हेतू चांगलाच होता. पण माझा हात काही वर गेला नाही. आपण गरीब, आपल्याला लोकांनी कपडे दिले, सरकारनं घर दिलं, हे सगळ्यांना कळलं तर? मी पाटीकडं बघत बसले.

घरी येऊन आजीला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल बरं केलंस. पण तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली, दहाची नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, “उद्या डब्यात टाक. आपली घरं पडली तवा कुठली कुठली माणसं धावून आली. ती काय आपल्या ओळखीची होती? आता त्यांची पडली. घेताना खाली बघायचं नसतं लेकरा, अन् देताना वर बघायचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी नोट मी डब्यात टाकली. पण कुठून आली ते कुणालाच सांगितलं नाही.

आजीचं घर मी कितीदा पाहिलंय. भूकंपानंतर राज्य सरकारनं जागतिक बँकेचं कर्ज घेऊन पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. कितीतरी स्वयंसेवी संस्थांनीही गावं बांधून दिली. ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली. बाकीच्या असंख्य गावांत लोकांना घरं दुरुस्त करायला, मजबूत करायला पैसे मिळाले. तेही सगळे एकदम नाहीत! पाया झाला, इंजिनिअरनं पाहिलं, की पुढचा हप्ता. शिक्षणासाठीही मदत आली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्याला आणलं. त्यांची वाघोलीची शाळा आमच्या विश्रांतवाडीपासून फार लांब नाही.

नव्या गावात घराचा आकार जमिनीवरून ठरला. ज्यांना जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे, त्यांना २५० चौरस फुटांचं घर. त्याहून जास्त जमीन असेल तर ४५० आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आजी शेतमजूर, म्हणून तिला २५०. यावर तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, “भूकंपानं काय सातबारा बघितला होता?”

तिचं म्हणणं मला आजही पटतं. मदतीचे नियम माणसंच करतात, त्यामुळं ते चुकूही शकतात आणि चूक दिसली तर बोलायला हवं. नव्या गावात रस्ते रुंद झाले, घरं एका ओळीत आली, पण जुने शेजारी पांगले. सुरुवातीला कित्येकांना स्लॅबखाली झोपायची भीती वाटे. पण हेही खरं, की त्याच २५० चौरस फुटांत आजी शेवटपर्यंत स्वतःच्या दाराला स्वतःची कडी लावून राहिली. दारावर घराचा नंबर होता. येईल त्याला ती तो दाखवायची. म्हणायची, “यादीत नाव हाय माझं.”

तर मुलांनो, हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरीही चाळीस मुलांसमोर मी “हात वर करा” म्हटलं. ही माझी चूक.

त्या मुलाला मी आजीची गोष्ट सांगितली आणि मग एक शब्द फोडून दाखवला. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, गिळलेला. चंद्राला ग्रहण लागतं तेव्हा आपण म्हणतो ना, चंद्र ग्रासला? पण काही तासांत ग्रहण सुटतं. चंद्राला जन्मभर कुणी ‘ग्रहणग्रस्त’ म्हणत नाही. पूरग्रस्त हे तुझं नाव नाही, तुझ्या घरावर आलेल्या एका दिवसाचं नाव आहे.

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “बाई, आमचा पंचनामाच झाला नाही.”

पंचनामा म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत असू दे. संकट आलं की महसूल खात्याचे कर्मचारी घरोघर जातात, नुकसान बघतात आणि शेजारपाजारच्या माणसांना पंच म्हणून उभं करून ते कागदावर लिहितात, सह्या घेतात. सरकारी मदत त्या कागदावर चालते. त्याचे निकष ठरलेले असतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत, घर वाहून गेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली राहिलं, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये होते. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा खेड्यातल्या कुटुंबाला १०,००० आणि शहरातल्या कुटुंबाला १५,००० रुपये द्यायचं ठरलं होतं. त्यांतले ५,००० रोख.

आता या मुलाच्या घरी काय झालं? पंचनामा करणारे आले तेव्हा दाराला कुलूप. आई चार घरची धुणीभांडी करायला गेलेली, वडील कामाच्या शोधात. घर भाड्याचं. रेशनकार्डावर पत्ता गावाकडचा, तेही भिजून त्याचा लगदा झालेला. आई एका कार्यालयात जाऊन आली होती. तिथं विचारलं, “तुम्ही इथंच राहता याला पुरावा काय?” बिचारी परत आली आणि गप्प बसली.

पुरावा? मी शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं. पहिलीत नाव घालताना वडिलांनी सांगितलेला पत्ता तिथं स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता, तारखेसह! मुख्याध्यापिकांनी पत्त्यासह बोनाफाईड दाखला दिला. अर्ज मी लिहिला नाही. तो त्यानं आणि त्याच्या आईनं मिळून लिहिला, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. अर्जाला भिंतीवरच्या गाळाच्या रेघेचे फोटो जोडले. शेजारच्या दोघांनी ‘आम्ही पाणी पाहिलं’ म्हणून सह्या केल्या. यादी करताना आई जरा घुटमळली. कुणीतरी तिला म्हणालं होतं, टीव्हीही लिहून टाका. तेवढ्यात हाच म्हणाला, “आई, आपल्याकडं टीव्ही कुठं होता?” टीव्ही लिहिला नाही.

दोन-तीन खेपा झाल्या. पंचनामा झाला. पैसे आईच्या खात्यावर आले, तोवर दिवाळी होऊन गेली होती. म्हणजे उशीरच झाला. त्यांतून तिनं भांडी घेतली आणि एक पत्र्याची पेटी. कागदपत्रं आणि वह्या आता त्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर असतात.

तुम्हीही एवढं करा. घरातले महत्त्वाचे कागद कुठं आहेत ते विचारा, ते उंचावर ठेवा, त्यांचे फोटो काढून ठेवा. संकटात जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक पाठ असू द्या. घरात पाणी शिरलंच, तर आवरण्याआधी फोटो काढा आणि गेलेल्या वस्तूंची खरी यादी करा. मोठी माणसं गडबडीत असतात, अक्षर चांगलं असणाऱ्या मुलांनी हे काम घ्यावं.

मी एक गोष्ट बदलली. आता अशी यादी करायची असली तर वर्गात हात वर करायला सांगत नाही. सगळ्यांना एकेक चिठ्ठी देते. सगळ्यांनीच काहीतरी लिहायचं आणि घडी घालून पेटीत टाकायची. कुणी काय लिहिलं, ते फक्त मला कळतं.

परवा एका चिठ्ठीत पाच रुपयांचं नाणं सापडलं. आम्ही दुसऱ्या गावच्या पूर आलेल्या मुलांसाठी वह्या गोळा करत होतो. चिठ्ठीवर नाव नव्हतं. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या ओळखीच्या होत्या.