रातकिडा

गेल्या वर्षापासून माझ्या उजव्या कानात एक रातकिडा बसला आहे. वर्गातल्या गलक्यात तो गप्प असतो; रात्री निजानीज झाली की त्याला कंठ फुटतो. डॉक्टर कान तपासून म्हणाले, "हा आवाज जाईलच असे नाही. सवय होईल."

तरी आशा सुटेना. ध्वनिचिकित्सेला गेलो. सतरंजीवर उताणे पडायचे, डोळे मिटायचे. उशाशी काशाच्या वाट्या वाजतात. काशाच्या वाटीने आई तळपाय चोळी. ती ऐकायचीही असते हे मला नवे!

"सेकंदाला ४३२ कंपने. रोग हरतात," चालक म्हणाले. वाद्ये ४४० वर जुळवावीत, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस १९५५ साली झाली. पण ती वादकांची सोय. ४३२ ने रोग बरा होतो, याला पुरावा नाही. मास्तरकी जिभेवर आली, ती गिळली.

टोला पडला. नाद विरत गेला, तसा श्वास लांबला. पुढे मी चक्क घोरलो, असे ही सांगते.

तासाने उठलो. रातकिडा जागेवरच होता. पण तासभर मी त्याला विसरलो होतो. आता रात्री मंद आवाजात तंबोरा लावून निजतो. बरा झालो नाही. शेजार मात्र जमला आहे.