एकाचे चार

वसईत आमच्या धर्मग्रामात पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी मुलांचं पहिलं पापनिवेदन होतं आणि त्याची तयारी करून घेणं माझ्याकडे असतं. रविवारची मिस्सा आटोपली की आठ-नऊ वर्षांची पोरं वहीचं मागचं पान फाडून पापं लिहायला बसतात. आईला उलट बोललो. बहिणीला चिमटा काढला. मिस्साला दंगा केला. शेजारच्याचं बघून लिहू नका, हे इथेही सांगावं लागतं. गेल्या उपवासकाळात एकाने तर दहाच्या दहा आज्ञा मोडल्याचं लिहून आणलं, खून आणि व्यभिचारासकट. “एखादं राहायला नको ना, टीचर,” म्हणाला.

पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये ख्रिस्तप्रसादाचं वय सातच्या आसपास आणलं, म्हणून ही एवढीशी मुलं माझ्यासमोर येतात. एका अर्थी बरंच आहे. मोठी माणसं विचारायला लाजतात ते ही बेधडक विचारतात.

एका मुलीच्या धाकट्या बहिणीचा नुकताच स्नानसंस्कार, म्हणजे पाप धुणारा बाप्तिस्मा, झाला होता. तिने विचारलं, “बाळ तर नुसतं झोपतं. त्याने कसलं पाप केलं?” वर्ग एकदम माझ्याकडे बघायला लागला. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात उत्तर आहे: आदिपाप हे बाळाने केलेलं पाप नव्हे, ती मानवजातीकडून त्याच्याकडे आलेली अवस्था आहे. हे वाचून दाखवलं असतं तर पोरांनी मान डोलावली असती आणि समजलं काहीच नसतं. मी त्यांना त्यांच्याच विहिरींबद्दल विचारलं. आमच्याकडे टँकरवाल्यांनी इतका उपसा केला, की कित्येक वाड्यांतल्या गोड विहिरी मचूळ झाल्या. अशा घरात आज जन्मलेल्या बाळाने एक तांब्याही उपसलेला नसतो, तरी त्याच्या वाट्याला पाणी येतं ते खारंच. आणि ती विहीर आतून कितीही खरवडली तरी गोड होत नाही, वरून पाऊस पडावा लागतो. मुलगी म्हणाली, “म्हणजे बाळाची चूक नाही, पण त्याला पाणी लागणार.” मला याहून नीट सांगता आलं नसतं.

तारणाची गरज म्हणतात ती ही. मी वाईट आहे की चांगली, यावर ती अवलंबून नाही. भलं माणूसही स्वतःच्या जोरावर यातून वर येत नाही, असं ख्रिस्ती शिकवण म्हणते, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कष्टाळू माणसाला हेच सर्वांत जड जातं. पंडिता रमाबाईंचंच घ्या. लहानपणी आईवडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा, व्रतं, उपास, सगळं झालेलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्माही झाला. तरी पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी म्हटलं, की तेव्हा मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या विद्वान बाईला तो भेटायला आणखी काही वर्षं जावी लागली.

लोकलमधली माझी मैत्रीण मात्र दर उपवासकाळात मला चिडवते. “तुमचं बरंय गं! फादरच्या कानात सांगितलं की मोकळ्या. आमच्याकडे केलं ते इथंच फेडावं लागतं.” हा टोमणा मी इतक्या वर्षांत पुष्कळांकडून ऐकलाय. त्यात तथ्य एवढंच, की फादर ऐकलेलं बाहेर काढत नाहीत. मुद्दाम काढलं तर ते त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतात. पण चोरी सांगून पैसे जवळच ठेवायचे, असं चालत नाही. परत करायची तयारी नसेल तर तो पश्चात्तापच नव्हे, आणि पश्चात्ताप नाही तर क्षमाही नाही. मी तिला म्हटलं, “फेडावं आम्हालाही लागतं, फक्त फेडून क्षमा विकत मिळत नाही.” ती म्हणाली, “तेच ते.” पण तेच ते नाही.

मुलांना मी हे जक्कयच्या गोष्टीतून सांगते. दिब्रिटो फादरांच्या सुबोध बायबलमधून वाचते, कारण ती भाषा पोरांना कळते. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, गर्दीत काही दिसेना म्हणून झाडावर चढलेला. पोरांना झाडच आवडतं. मी त्यांना क्रम बघायला लावते. येशू आधी म्हणतो, खाली ये, आज मी तुझ्या घरी उतरणार. जक्कयने अजून एक पैसाही दिलेला नसतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे तो नंतर बोलतो. आधी पाहुणा घरात येतो, मग तिजोरी उघडते. पापनिवेदनातही प्रायश्चित्त करायचं ते क्षमेचे शब्द ऐकून बाहेर आल्यावर. आरंभीच्या काही शतकांत हे उलटं होतं: मोठ्या पापाला आधी वर्षानुवर्षं उघड प्रायश्चित्त, क्षमा शेवटी. माझ्या मते बदल झाला ते चांगलं झालं. माफ झालेलं माणूस जास्त सढळ हाताने परत करतं.

गोष्ट संपली तसा मागच्या बाकावरून हात वर झाला. “टीचर, समजा एखाद्याने कुणाचा कंपास घेतला. तर चार द्यायचे?”

“एखाद्याने” म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, एकच पुरे. पण आतलं कर्कटक आणि शार्पनर पण हवं.

“आणि शार्पनर हरवलं असेल तर?”

“मग नवीन घ्यायचं.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग शेजारच्याला हळूच विचारलं, “शार्पनर कितीला मिळतं रे?”