काटा शून्यावर आहे का? सायकलचा पॉवर मीटर, पाऊस आणि मापनाचा धडा



मापन हा घटक शिकवताना आपण मीटर, लीटर, किलोग्रॅम घेतो, रूपांतराची उदाहरणं सोडवून घेतो. पण मापन म्हणजे फक्त एककं नाहीत. समोर दिसणारा आकडा खरा कशावरून, हाही मापनाचाच भाग आहे. आज त्यासाठी एक वेगळं उदाहरण घेते : सायकलचा पॉवर मीटर.

आमच्या मीरा-भाईंदरमध्ये पहाटे बाहेर पडलात तर मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनकडे जाणारे सायकलस्वार दिसतील. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. अशी नावं ऐकून आपल्याकडची मुलंही सायकलिंग मनावर घेतात. माझा भाचा त्यातलाच. बारावीत आहे. पैसे साठवून त्याने जुना, कुणीतरी वापरलेला पॉवर मीटर घेतला.

हा मीटर काय मोजतो? वेग नाही. वेग वाऱ्यावर आणि चढ-उतारावर बदलतो. मीटर मोजतो ती पायांची शक्ती, वॅटमध्ये. हिशेब सोपा आहे : बल गुणिले वेग. पेडलचा दांडा १७ सेंटिमीटरचा धरा. एका फेऱ्यात पेडल सुमारे १.०७ मीटर फिरतं. मिनिटाला ९० फेरे म्हणजे सेकंदाला दीड फेरा, म्हणजे साधारण १.६ मीटर. पायांचं सरासरी बल १२५ न्यूटन असेल, तर १२५ × १.६ = २०० वॅट. आठवी-नववीच्या मुलांना हे उदाहरण जरूर द्या, खूश होतात.

आता बल कसं कळतं? दांड्याला आतून एक बारीक धातूची नागमोडी पट्टी चिकटवलेली असते. तिला स्ट्रेन गेज म्हणतात. पाय दाबला की दांडा केसभरही नाही इतका वाकतो, पट्टी ताणली जाते, लांब आणि पातळ होते, आणि तिचा विद्युतरोध किंचित वाढतो. तेवढ्या फरकावरून बल काढतात. ही पट्टी १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली. सायकलवर ती आणली जर्मनीच्या उलरिक शोबेरर यांनी, १९८६ मध्ये. आणि गंमत म्हणजे आपल्या भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यातही हीच पट्टी असते!

म्हणून काट्याचा नियम मीटरलाही लागू. भाजी ठेवण्याआधी आपण काय बघतो? काटा शून्यावर आहे का.

जुलैत भाच्याचे आकडे घसरले. डोंगरीकडच्या त्याच चढावर मीटर आधीपेक्षा १७ वॅट कमी दाखवू लागला. पोराने धरून चालला की आपणच कमजोर झालो. सराव दुप्पट केला, झोप कमी केली, गुडघा दुखायला लागला. ताई म्हणाली, "बारावीचं वर्ष आहे, आता सायकल बंद." प्रकरण सायकल विकण्यापर्यंत आलं होतं.

मी त्याला एवढंच विचारलं, "चढ चढायला वेळ किती लागतो रे?" तो म्हणाला, "मावशी, वेळ तेवढाच आहे. चार-पाच सेकंद इकडेतिकडे." तोच चढ, तेच वजन, तोच वेळ, आणि शक्ती मात्र १७ वॅट कमी? मग शंका पायांवर घ्यायची की मीटरवर?

आम्ही दांडा आडवा धरून पेडलला १० किलोचं वजन टांगलं. हिशेबाने टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १० × ९.८१ × ०.१७ = १६.७ न्यूटन-मीटर यायला हवा. मीटरने दाखवला १४.७. मग वजन काढलं, तर रिकाम्या पेडलवरही तो उणे २ दाखवत होता. मिनिटाला ८० फेऱ्यांच्या गतीने या २ चे बरोबर १७ वॅट होतात. मुलगा कमजोर नव्हता, शून्य सरकलं होतं. बॅटरीच्या झाकणाची रबरी रिंग तडकली होती आणि आत दमटपणा शिरला होता. रिंग बदलली, मीटर नीट वाळवला, शून्य पुन्हा लावलं. आकडा १६.६ वर आला.

"पण मीटर तर वॉटरप्रूफ होता," असं ताईचं म्हणणं. इथे पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वस्तूवर 'आयपीएक्स ७' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर खोल साध्या पाण्यात ३० मिनिटं ठेवल्यावर घातक प्रमाणात पाणी आत जात नाही, एवढाच. जोराच्या पाइपाने धुणं ही वेगळी चाचणी आहे. रबर जुनं झालं की ती हमी उरत नाही. आमच्याकडे तर खाडी, मिठागरं आणि खारा वारा. मिठाचं पाणी वीज जास्त वाहून नेतं आणि धातू गंजवतं. शिवाय पाणी आत न शिरताही आकडा चुकू शकतो, कारण पावसाने दांडा थंड झाला की धातू आकसतो आणि शून्य सरकतं. म्हणून सायकल बाहेर दहा-पंधरा मिनिटं ठेवून मगच शून्य लावायचं.

खोक्यावरचं '± २ टक्के' हेसुद्धा शून्य बरोबर असेल तरच. मग २०० वॅटचे १९६ ते २०४ दिसतील. काही मीटर फक्त डावा पाय मोजून दुप्पट करतात. डावा ९६ आणि उजवा १०४ वॅट देत असेल, तर खरे २०० आणि दाखवणार १९२! रोज १९२ च दाखवेल. म्हणजे सातत्य आहे, अचूकता नाही. हे दोन शब्द वेगळे आहेत, हे मुलांना इथे छान समजतं.

वर्गात करून पाहण्यासारखी कृती :

१. वजनकाट्यावर काहीही न ठेवता आकडा वाचा आणि फळ्यावर लिहा.
२. एक किलोची बंद साखरेची पिशवी पाच वेळा ठेवून पाच नोंदी घ्या.
३. नोंदी एकमेकींच्या जवळ आहेत का? एक किलोच्या जवळ आहेत का? दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा.
४. ओल्या फडक्यावर काटा ठेवून पुन्हा मोजा. फरक का पडला किंवा का नाही, हे मुलांनाच सांगू द्या.

पालकहो, मुलाच्या हातात आज घड्याळ, मोबाइल, मीटर सगळं आहे. प्रत्येक जण त्याला त्याच्याबद्दल एक आकडा सांगतो, आणि मूल तो खरा मानून स्वतःला कमी लेखतं. गुणपत्रिकेचंही तेच. आकडा एकदम घसरला तर मुलाला रागावण्याआधी दुसऱ्या एखाद्या मापाने पडताळून बघा : त्या दिवशी ताप होता का, प्रश्न कळला होता का, तोंडी विचारलं तर सांगतो का.

तुमच्या वर्गातल्या काट्याने रिकामा असताना काय दाखवलं, ते नक्की कळवा.