यादी एक, नावे दोन

आपल्या व्यापारी घरांत वहीचा संस्कार लहानपणीच होतो. रोजमेळात लिहिलेली नोंद खोडायची नाही. दुरुस्ती करायची तर उलट नोंद घालायची, हे मी वडिलांकडून शिकलो. दुकानाची उधारी संगणकावर नेण्याचे यंदा घरात ठरले, तेव्हा तो संस्कार तेथे कसा टिकणार, ही चिंता मला होती. फेडलेल्या रकमेची नोंद गळली, तर ग्राहकाचा शब्द खोटा ठरतो. म्हणून पायथन शिकणाऱ्या नातीशेजारी मीही बसू लागलो.

गिडो व्हॅन रोसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या या भाषेत ‘लिस्ट’ म्हणजे क्रमवार यादी. चौकटी कंसात स्वल्पविराम देऊन नोंदी लिहायच्या. मोजणी शून्यापासून होते. म्हणजे पहिल्या नोंदीचा क्रमांक ०. शेवटची नोंद हवी असल्यास उणे १ म्हणावे. ‘अपेंड’ ही आज्ञा यादीच्या शेवटी नवी नोंद जोडते, तर ‘रिमूव्ह’ दिलेली नोंद काढून टाकते.

नातीने ‘येणे’ या यादीत ५००, १२०० आणि ३०० या रकमा लिहिल्या. मग बरोबरचे चिन्ह वापरून तीच यादी ‘जुने येणे’ या नावाला दिली. नंतर ‘येणे’मधून १२०० काढले. ‘जुने येणे’ उघडले, तर तेथूनही १२०० नाहीसे! ती म्हणाली, “आजोबा, त्या चिन्हाने नवी वही होत नाही, त्याच वहीला दुसरे नाव मिळते.” वेगळी प्रत हवी असेल, तर ‘कॉपी’ म्हणावे लागते. त्यातही यादीच्या पोटात याद्या असतील, तर आतल्या याद्या सामाईकच राहतात. त्यांच्यासाठी ‘डीपकॉपी’ ही निराळी सोय आहे.

मी तिला वडिलांचा नियम सांगितला. आता आमच्या यादीतून काहीही काढले जात नाही. ग्राहकाने १२०० फेडले की शेवटी उणे १२०० जोडायचे. ‘सम’ ही आज्ञा बेरीज करून बाकी ८०० दाखवते, आणि देणे कधी झाले, फेड कधी झाली, दोन्ही नोंदी जागच्या जागी राहतात.

वाचकहो, घरातील मुले हे शिकत असतील, तर थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावे. आज्ञा त्यांना ठाऊक असतात. नोंद का जपायची, हे आपण सांगू शकतो.