तिथी पाहिली नाही

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली तालुक्यातील आमची नारळ-सुपारीची वाडी दोन-तीन तासांत आडवी झाली. वडिलांनी लावलेली झाडे होती ती. कृषी विस्तार अधिकारी म्हणून मी गावोगाव नुकसानीचे पंचनामे करीत फिरलो आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्याच वाडीकडे बघत बसलो. सुपारीचे रोप लावले तर फळ हाती यायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर घरात पैसा कुठून यायचा?

मुलगा मुंबईत एका फोटोवाल्याकडे कामाला होता. टाळेबंदीत काम सुटले म्हणून गावी आला होता. तो म्हणाला, "बाबा, शहरातली माणसं लग्नं करायला समुद्रावर येतात. फोटोवाले मात्र मुंबई-पुण्याहून आणतात. ते काम आपण का करू नये?" मी सरकारी नोकर, मला धंदा करता येत नाही. धंदा मुलाचा आणि सुनेचा, हिशेबाची वही आमच्या सौ.ची. गावच्या सोसायटीतून कर्ज काढून दोन जुने कॅमेरे घेतले.

हा धंदाही शेतीसारखाच हंगामी. तुळशीचे लग्न झाले की सुरू होतो आणि पावसाबरोबर मिटतो. ऐन एप्रिल-मेमध्ये आंबा काढणी आणि लग्ने एकदम येतात, तेव्हा माणूस पुरत नाही. खारा वारा कॅमेऱ्याचा वैरी. रोज काम संपले की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून बियाणे ठेवतो तशा घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवायचे. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी नवरा-नवरी समुद्राकडे पाठ करून उभी राहिली की चेहरे काळे पडतात. तेव्हा सून समोरून थर्माकोलचा पांढरा तक्ता धरते, म्हणजे चेहऱ्यावर उजेड येतो.

एवढे सगळे शिकलो, पण एक गोष्ट ठेच लागल्यावरच कळली.

2022 च्या हिवाळ्यातली गोष्ट. मुंबईच्या पाहुण्यांचे लग्न होते, मुहूर्त सायंकाळचा. मांडववाल्यांनी सकाळी अकराच्या सुमारास ओहोटीत उघड्या पडलेल्या घट्ट वाळूवर मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. साडेचारला पाणी खुर्च्यांच्या पायांशी आले. एकच धावपळ उडाली. मुलाच्या गळ्यातला कॅमेरा वाचला, पण खुर्चीखाली ठेवलेली पिशवी लाटेने भिजली. तिच्यात दुसरा कॅमेरा होता आणि आदल्या दिवशीच्या हळदीच्या फोटोंची कार्डेही होती. कार्डे पुन्हा चालली नाहीत.

गर्दीतून एक वृद्ध खारवी पुढे आले. म्हणाले, "साहेब, आज सप्तमी. तिथीची पाऊणपट करा. साताची पाऊणपट सव्वापाच. सव्वापाचाला भरती भरणार, हे आमचं पोरगंसुद्धा सांगेल."

मी खाली मान घातली. सकाळी पंचांग माझ्याच हातात होते. मुहूर्त पाहिला, तिथी पाहिली नाही. तीस वर्षे मी शेतकऱ्यांना सांगत आलो की वापसा पाहिल्याशिवाय पेरू नका. आणि माझ्या डोळ्यांदेखत समुद्राच्या वाटेत मांडव पडला.

रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, काय सांगू त्यांना?" मी म्हटले, "झालं ते सांग." तो गेला आणि हळदीचे सगळे पैसे परत दिले. मुलीचे वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पैसे आले हो, पण माझी आई फक्त हळदीपुरतीच आली होती. तिला आता प्रवास झेपत नाही." त्या शब्दांवर आमच्या घरी कोणी जेवले नाही. सुनेने आठवडाभर फोन करून करून पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा केले. एकात आजीचा हात नातीच्या गालावर होता. फोटो थोडा हललेला होता. तोच मोठा करून पाठवला.

तेव्हापासून घरात तीन नियम आहेत. बोलणी करतानाच तिथीची पाऊणपट काढायची आणि भरतीचे छापील कोष्टकही पाहायचे. मांडव कोरड्या वाळूतच घाला, असे पाहुण्यांना आधी सांगायचे. रात्री झोपण्यापूर्वी फोटोंच्या दोन प्रती काढायच्या आणि दोन वेगळ्या जागी ठेवायच्या. बियाणे तरी आपण एकाच कणगीत कुठे ठेवतो? आणि किनाऱ्यावर कासवांची घरटी असतील तर रात्री मोठे दिवे लावायचे नाहीत. पिल्ले उजेडाला भुलून पाण्याऐवजी गावाकडे चालू लागतात.

सोसायटीचे कर्ज आता फिटले. वादळानंतर लावलेल्या सुपारीतल्या काही झाडांना पहिली पोय फुटली आहे. परवा मी मुलाला विचारले, "वाडी उभी राहिली की फोटो सोडणार का?" तो म्हणाला, "झाडं पडली तेव्हा फोटोंनी पोसलं. उद्या फोटो बुडाले तर झाडं पोसतील. दोन्ही ठेवू."

मिश्र पिकाचे महत्त्व मी इतकी वर्षे गावोगाव सांगत फिरलो. माझ्याच घरात ते कोणी ऐकत होते, हे मला त्या दिवशी कळले.