यीस्टची बेगमी

कोपनहेगन

चि. बाळ,

तुझे पत्र पावले. विस्कॉन्सिनच्या थंडीचा लाभ घेऊन तळघरात लागर बिअर करण्याचा तुझा संकल्प वाचून फार आनंद झाला. परंतु माल्ट आणि हॉप्स यांच्या निवडीविषयी तू पानेच्या पाने लिहिलीस आणि यीस्टविषयी मात्र ‘एक पिशवी आणून ठेवली आहे’ एवढाच मजकूर, म्हणून बाकी सर्व बाजूस ठेवून त्या एकाच बाबीविषयी लिहीत आहे.

लागर आठ ते बारा अंश सेल्सिअसमध्ये आंबवावयाची असते आणि तिची निर्मळ चव त्या शैत्यातूनच येते. पण त्याच शैत्याने यीस्टची वृद्धी मंदावते. तुझी आजी थंडीच्या दिवसांत दुधाला विरजण अंमळ जास्त लावीत असे, तोच न्याय येथे लागू आहे. पेशी मुळातच अपुऱ्या असल्या म्हणजे आंबण्यास विलंब लागतो, त्या अवधीत परक्या जंतूंना वाव मिळतो, आणि अखेरीस डायअसेटिलचा लोण्यासारखा वास मागे राहण्याचा संभव वाढतो. प्रारंभी माल्टचा काढा ऊबदार ठेवून यीस्ट वाढू द्यावे आणि मग तो थंड करावा, असा सल्ला पुष्कळजण देतात. मला तो पसंत नाही, कारण त्या उबेत होणाऱ्या वाढीचे फळासारखे गंध पिण्याच्या बिअरमध्येच उतरतात.

आता हिशेब पाहा. लागरसाठी दर मिलिलिटरमागे, काढ्याच्या घनतेच्या प्रत्येक प्लेटो अंशाला, 15 लक्ष जिवंत पेशी असाव्यात असा शिरस्ता आहे. एल बिअरला याच्या निम्म्या पुरतात. तुझा काढा 20 लिटर आणि 12 अंशांचा, म्हणजे 360 अब्ज पेशी हव्यात. द्रवरूप यीस्टच्या ताज्या पिशवीत साधारण 100 अब्ज असतात, आणि पिशवी जुनी होत जाते तशा त्यांतल्याही मरत जातात.

तेव्हा पेशी आधी वाढवून घेण्यासाठी स्टार्टर म्हणून छोटे द्रावण कर, ते असे. सुका माल्ट अर्क लिटरला 100 ग्रॅम या प्रमाणात दोन लिटर पाण्यात विरघळव, पंधरा मिनिटे उकळ, वीस अंशांच्या आसपास निववून त्यात यीस्ट सोड, तोंडावर ॲल्युमिनियमचा कागद सैल बसव, आणि मॅग्नेटिक स्टरर नसेल तर येताजाता भांडे हलवीत जा. हे द्रावण ऊबदार राहिले तरी चिंता नाही, कारण ते पिण्यासाठी नव्हे, केवळ प्रजेसाठी आहे. फसफस शमली की भांडे फ्रिजमध्ये ठेव. यीस्ट तळाशी बसल्यावर वरचा द्राव ओतून दे, आणि त्याच गाळावर पुन्हा दोन लिटर ताजा काढा घाल. एका टप्प्यावर भागवू नकोस. अखेरचा गाळ मुख्य काढ्याइतकाच थंड असताना त्यात मिसळ, आणि तत्पूर्वी काढ्यात प्राणवायू मुबलक खेळव, कारण नव्या पेशींची आवरणे घडविण्यास तो लागतो.

मी ज्या नगरात राहतो तेथे या विषयाला इतिहास आहे. जे. सी. जेकबसन याने 1845 साली म्यूनिकच्या सेडलमायर या बिअरवाल्याकडून यीस्ट मिळविले आणि डाकगाडीच्या लांब प्रवासात वाटेवरच्या मुक्कामी भांड्यांवर थंड पाणी घालीत ते येथवर जिवंत आणले. त्याने स्थापन केलेल्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने 1883 साली एकाच पेशीपासून शुद्ध वंश वाढविला, आणि जेकबसनने तो स्वतःच्या तिजोरीत न कोंडता इतर कारखान्यांना दिला. त्या औदार्याविषयी मला आजही अपार आदर वाटतो. लागरचे हे यीस्ट संकरज असून त्याचा थंडी सोसणारा जनक पॅटागोनियातील अरण्यांत सापडल्याचे 2011 साली प्रसिद्ध झाले.

एवढ्या खटाटोपास सवड नसेल तर सुक्या लागर यीस्टच्या साडेअकरा ग्रॅमच्या दोन पुड्या आण; त्यात कमीपणा नाही. पण स्टार्टरच करणार असशील, तर पुढच्या रविवारी काढा शिजविण्यासाठी पहिले भांडे याच रविवारी लाव, कारण दोन्ही वेळा यीस्ट नीट बसण्यास दिवस मोडतात. भांडी निर्जंतुक करण्याविषयी निराळी ताकीद देत नाही, ती सवय तुझ्या हातात आहेच. दुसऱ्या टप्प्यानंतर तळाशी गाळ किती जमला ते मात्र अवश्य कळव.

ताईस माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा मामा