आधी पाण्याची वाट शोधा

जुन्या फियाटच्या दाराखाली रंगाला फुगा आला, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रंगाला किती खर्च येईल?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. रंगाचं नंतर बघू, आधी पाणी कुठून येतंय ते शोधू. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो. फुगा दिसेपर्यंत पत्रा आतल्या बाजूने बराच खाल्लेला असतो. भिंतीला ओल आली तर नुसता रंग काढून भागत नाही, गच्चीवरची गळती बुजवावी लागते, इथेही तसंच.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली आणि पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता ही गाडी उरली आहे ती हौशी लोकांच्या दारात, आणि तिचा खरा शत्रू आहे आपली हवा. कोकणपट्टीत हवेतला खार ओलाव्यात विरघळतो आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. त्यात या गाडीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालच्या पेट्या आणि खांब हाच तिचा सांगाडा. म्हणून इथला गंज हा दिसण्यापुरता प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

तपासणी घरी करता येते. मॅट आणि कार्पेट काढा. हातोडीने हलकेच ठोका: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका येईल तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. ते धरत नसेल तिथे लांबीचा (पुट्टीचा) जाड थर आहे. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने पाइपने खालून वरपर्यंत हळूहळू पाणी सोडावं. काचेचं कडक झालेलं रबर, चाकाच्या कमानीत साचलेला चिखल, दाराच्या तळाची बुजलेली भोकं हे नेहमीचे गुन्हेगार. दारात पाणी शिरणारच, ते बाहेर पडावं म्हणून ती भोकं ठेवलेली असतात. बॅटरीखालचा पत्रा मात्र आम्ल सांडून जातो. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा.

गंज फक्त वरवरचा असेल, तर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावा, धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच इपॉक्सी प्रायमर मारा. पत्र्याला भोक पडलं असेल, तर त्यावर लांबी भरणं म्हणजे फसवणूक आहे. पॉलिएस्टर लांबी ओलावा शोषते आणि मागच्या बाजूने गंज चालूच राहतो. अशा ठिकाणी निरोगी पत्रा लागेपर्यंत कापावंच लागतं.

पुठ्ठ्याचं माप काढून २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमीचा, सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कापा. गॅस वेल्डिंगची आच दूरवर पसरते आणि पत्रा वाकतो, म्हणून मी सीओटू वेल्डिंग आणि ०.६ मिमीची तार वापरतो. इंचाइंचावर टाके घ्यायचे, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मध्ये थंड होऊ द्यायचं. सरळ रेघ ओढण्याची घाई पत्रा बिघडवते. दाराखालची पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आधार द्या आणि एका वेळी एकच बाजू घ्या. नाहीतर बॉडी खचते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

काही बाबतींत तडजोड नाही. वेल्डिंगआधी बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. फ्लोअरवरचं डांबर खरवडून काढा, कारण ते पेट घेतं. जस्ताच्या पत्र्याचा धूर श्वासात घेऊ नका. आग विझवण्याचं यंत्र हाताशी हवं आणि गाडी नुसत्या जॅकवर नव्हे, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उभी हवी. सांगाड्याचं वेल्डिंग हाताला बसलेलं नसेल, तर तेवढं काम जाणत्या कारागिराकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

टाके घासून झाले की प्रायमर, मग सांध्यांवर सीलर, आणि अगदी पातळ लांबी फक्त सपाटीपुरती. रंग वाळल्यावर बंद पेट्यांत मेण फवारा. हे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बहुतेक जण टाळतात. माझ्या मते गाडीचं आयुष्य त्यावरच ठरतं.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते, उघड्या पत्र्यावर पटकन गंज चढत नाही आणि प्रायमरही नीट वाळतो. तेव्हा ज्यांच्या दारात जुनी गाडी झाकून ठेवली आहे, त्यांनी या हंगामात रंगाचा डबा आणण्याआधी कव्हर काढावं, मॅट उचलावी आणि दाराची भोकं तारेने मोकळी करावीत. या कामाला पैसे लागत नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी वाचते ती याच कामाने.